जागेवर की दवाखान्यात?

कुणी कोसळलं, कुणाला काही चावलं, गाडी उलटली, की आपल्याकडे माणसं धावत येतात. वाडीवस्तीवर येतात, चाळीत येतात, एसटी स्टँडवरही येतात. मदतीची इच्छा कमी पडत नाही. अडतं ते एका निर्णयाशी. या माणसासाठी आत्ता इथंच काही करायचं आहे, की क्षणही न दवडता त्याला दवाखान्यात हलवायचं आहे?

प्रथमोपचाराच्या पुस्तकांत भाजणं, बुडणं, मोडणं, चावणं अशी प्रकरणं असतात. ती हवीतच. पण प्रसंग ओढवतो तेव्हा प्रकरण आठवत नाही. माझ्या मते सामान्य माणसाच्या मनात पक्की बसायला हवी ती वेळेची विभागणी. काही घटनांत हाताशी पाचच मिनिटं असतात आणि तेवढ्यात दवाखाना गाठणं अशक्य असतं. काही घटनांत तास असतात, पण ते प्रवासाच्या कामी यायला हवेत. काहींत चक्क दिवस असतात, आणि म्हणूनच माणसं गाफील राहतात. आपल्याकडे हे वारंवार उलटंपालटं होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला रिक्षात घालून वीस मिनिटं फिरवलं जातं आणि मण्यार चावलेल्याला रात्रभर देवळात बसवून ठेवलं जातं. नेहमीच्या दुखापतींचा आणि आकस्मिक प्रसंगांचा हा आढावा मी त्याच अंगानं घेतो आहे.

पहिली पाच मिनिटं

हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिलं, की छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी बाहेरून दाबून शरीरात रक्त फिरतं ठेवता येतं. पीटर सफार आणि इतरांचं तोंडानं श्वास देण्यावरचं काम त्याच सुमाराचं. या दोन्हींच्या मिलाफातून आजचं सीपीआर उभं राहिलं. त्यासाठी यंत्र लागत नाही आणि औषधही लागत नाही.

माणूस खांदे हलवून, हाक मारून ओ देत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही, एवढंच पाहायचं. नाडी शोधत बसायचं नाही. घाबरलेल्या हाताला ती सापडत नाही किंवा आपलीच लागते. मधूनच एखादा आचका येत असेल तर तो श्वास धरायचा नाही. ‘अजून धुगधुगी आहे’ म्हणून थांबण्यात जी दोन मिनिटं जातात, ती मोलाची असतात. एकानं रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं रुग्णाला पलंगावरून उतरवून कडक जमिनीवर उताणं निजवायचं, कारण गादीवर दाब गादीतच जिरतो. मग छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवायचा, त्यावर दुसरा हात ठेवायचा आणि कोपरं ताठ ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे काम फार दमवणारं आहे, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. मदत पोचेपर्यंत थांबायचं नाही.

बरगडी मोडेल या भीतीनं हात मागे येतात. बरगडी मोडू शकते, पण ती पुढं जुळून येते. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला कोणी धजावत नाही हीसुद्धा खरी अडचण आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत पुढं आणली, ती मला फार शहाणपणाची वाटते. डोळ्यांदेखत कोसळलेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेसा प्राणवायू असतो. तो फिरता ठेवला तरी खूप झालं. विमानतळावर किंवा मॉलमध्ये भिंतीवर हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र टांगलेलं असेल तर ते ताबडतोब आणायला माणूस पिटाळावा. चालू केल्यावर ते यंत्र स्वतःच बोलून सूचना देतं.

बुडालेल्याची गोष्ट वेगळी. त्याचं हृदय थांबतं ते श्वास कोंडल्यामुळे. म्हणून त्याला आधी श्वास द्यायचा: नाक चिमटीत धरून तोंडानं, छाती फुगलेली दिसेल इतका. मग ३० दाब आणि दोन श्वास असा क्रम. पण विहिरीच्या काठावर घडतं ते निराळंच. बुडालेल्या पोराला पाय धरून उलटं टांगतात, खांद्यावर टाकून गरगर फिरवतात, पालथं घालून पाठ दाबतात. पोटातलं पाणी काढायचं हाच सगळ्यांचा ध्यास. खरं तर फुफ्फुसात गेलेलं पाणी सहसा थोडंच असतं, त्यातलं बरंच शरीर शोषून घेतं आणि पोट दाबल्यानं उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते.

याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो, तेव्हा इतिहासाकडे पाठ फिरवतो. रुग्णाला पालथं घालून पाठीवर दाब देण्याची शेफर यांची पद्धत १९०३ची आणि हात उचलून पाठ दाबण्याची होल्गर नील्सन यांची पद्धत १९३२ची. पुढची काही दशकं जगभर स्काऊटच्या मुलांना, पोलिसांना, सैनिकांना हेच शिकवलं गेलं. आज विहिरीच्या काठावर दिसतं त्यातलं काही तरी कालच्या पाठ्यपुस्तकातून झिरपलेलं असणार. विद्या पुढं गेली आणि ती सांगायला गावात पुन्हा कोणी आलं नाही.

बुडण्याच्या जागाही बदलल्या आहेत. विहिरीला निदान पायऱ्या किंवा दगडी कपारी असतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून अशी तळी गावोगाव झाली. प्रत्येक तळ्यात एक जाड दोर कायमचा बांधून सोडलेला आणि एक हवाबंद रिकामा कॅन काठावर ठेवलेला असायलाच हवा. एकाला वाचवायला एकामागून एक उड्या टाकून घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. ज्याला बुडत्याला सोडवण्याचा सराव नाही त्यानं पाण्यात उतरू नये. दोर, साडी, बांबू, कॅन, जे हाताला लागेल ते काठावर आडवं पडून फेकावं.

घशात अडकण्याला तर याहून कमी वेळ असतो. लहान मुलांच्या बाबतीत शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी, नाणं हे नेहमीचे अपराधी. माणूस खोकत असेल, बोलत असेल तर त्याला खोकू द्यायचं. खोकल्याइतकं प्रभावी दुसरं काही नाही. आवाज बंद झाला आणि हात गळ्याकडे गेला, की त्याला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थपडा द्यायच्या. नाहीच निघालं तर मागं उभं राहून बेंबीच्या थोडं वर मूठ धरायची आणि आत-वर असे पाच झटके द्यायचे. ही युक्ती हेनरी हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. पुन्हा पाच थपडा, पुन्हा पाच झटके. गरोदर बाईच्या पोटावर दाब देऊ नये, छातीवर द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थपडा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब; त्याच्या पोटाला हात लावायचा नाही. दिसत नसताना घशात बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते.

चौथा प्रसंग वाहत्या रक्ताचा. ऊसतोडीचा कोयता, विळा आणि सगळ्यात भयंकर म्हणजे कडबाकुट्टी. उपाय एका शब्दाचा आहे: दाब. स्वच्छ फडकं, पंचा, ओढणी, जे असेल ते जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी सलग दहा मिनिटं दाबायचं. थांबलं का हे पाहायला मधेच उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, चहापूड, चुना, रॉकेल काही नको. डॉक्टरांना आधी तेच खरवडून काढावं लागतं. रक्त चिळकांड्या उडवत येत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच हाता-पायाला जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून रुंद पट्टी आवळायची, काठी घालून पिळायची आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. तुटलेलं बोट किंवा पंजा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लागला तर पेशी मरतात आणि जोडण्याची आशा संपते.

विजेचा धक्का बसलेल्याला आधी विजेपासून सोडवायचं आणि मग हेच सीपीआर. शेतातल्या मोटारीपाशी हे फार घडतं. मेन स्विच बंद केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. तुटून पडलेली तार असेल तर वीज कंपनीनं पुरवठा तोडेपर्यंत जवळही जायचं नाही. अंगावर वीज पडलेल्याच्या बाबतीत मात्र उलट आहे. त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. चारपाच जण एकदम पडले असतील तर जो निपचित आहे त्याच्याकडे आधी धावावं, कारण वेळेवर छाती दाबली तर असा माणूस परत येऊ शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. पेरणीच्या दिवसांत ते शेतकऱ्याच्या फोनमध्ये असावं.

तास हाताशी असतात तेव्हा

सर्पदंशाबद्दल जरा विस्तारानं लिहितो, कारण महाराष्ट्रातलं हे मोठं दुःख आहे आणि टाळता येण्याजोगं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, आणि त्यातले कितीतरी दवाखान्याची पायरी न चढताच झालेले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविषाची लस आपल्याकडे आहे आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. ती घोड्यांच्या रक्तातून तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं या क्षेत्रातलं काम जुनं आणि मोठं आहे. या लशीला घरगुती पर्याय नाही, म्हणून सर्पदंशाचा प्रथमोपचार म्हणजे माणूस लवकर आणि न हलवता लशीपर्यंत पोचवणं.

चावलेला हात किंवा पाय लाकडी फळीला, काठीला, जाड पुठ्ठ्याला सैल बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढायचे, सूज आल्यावर ते रुततात. रुग्णाला चालवायचं नाही. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायची वेळ आली तर तेही चालेल, पण तोंडातून लाळ किंवा उलटी येत असेल तर आडवं, कुशीवर न्यावं. रस्त्यातच श्वास मंदावला तर तोंडानं श्वास देत राहावं. नाग आणि मण्यार यांच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण हा लुळेपणा कायमचा नसतो. कृत्रिम श्वासावर ठेवलेला माणूस काही दिवसांनी चालत घरी जातो.

आवळून बांधायचं मात्र नाही. कोयत्याच्या घावाला प्रसंगी जी पट्टी जीव वाचवते, तीच इथं हात गमावायला लावते. घोणस आणि फुरसं यांचं विष चावल्या जागीच मांस कुजवतं. पट्टीनं ते एका जागी कोंडलं जातं आणि ती एकदम सोडली की सगळं एकाच वेळी अंगात शिरतं. कोणी आधीच बांधून आणलं असेल तर वाटेत सोडू नये, दवाखान्यात डॉक्टर सोडतील. जखम चिरणं आणि चोखणंही बंद. इथंही जुन्या पुस्तकांचा हात आहे. १९०४ साली ब्रंटन, फेरर आणि रॉजर्स यांनी दंशाची जागा चिरून त्यात पोटॅशियम परमँगनेट भरण्याचा उपाय मांडला होता आणि त्यासाठीच्या खास सुऱ्या इंग्रजी अमलात वाटल्या गेल्या होत्या. सरकारनंच एकेकाळी दिलेला उपाय तिसऱ्या-चौथ्या पिढीत ‘गावठी’ ठरला आहे. तेव्हा समजावून सांगताना खेडुताला खडसावण्याचं कारण नाही.

मण्यार वेगळी सांगायला हवी. ती रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्ताची गोळी देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्या माणसाच्या पापण्या उघडेनाशा झाल्या तर साप पाहिलेला नसला तरी दवाखाना गाठायलाच हवा. साप मारून न्यायची गरज नाही, त्या झटापटीत दुसरा माणूस चावून घेतो. चारही सापांना लस एकच आहे. लहान मुलालाही मोठ्याइतकीच लस लागते, कारण सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं. ‘लेकराला एवढी औषधं कशाला’ म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांशी वाद घालू नये.

विंचवाची कथा आशा देणारी आहे आणि ती आपल्या कोकणातली आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट मुलं डोळ्यांसमोर जात होती. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि मग फुफ्फुसात पाणी. बावस्करांनी रुग्णांशेजारी रात्री जागून हे सगळं टिपलं, ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि १९८०च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपाय सिद्ध केला. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं. नुसतीच आग होत असेल तर बर्फाचा शेक आणि वेदनाशामक पुरतं. पण घाम, उलटी, गार हातपाय यांतलं काहीही दिसलं की मंत्र, झाडपाला यांत तासभरही घालवायचा नाही. लहान मूल असेल तर लक्षणं दिसायची वाटच पाहू नये.

पक्षाघात, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात तो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, यांतलं एक दिसलं तरी पुरे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं आणि तेही सीटी स्कॅन पाहूनच. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवायची आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्यायचं. तेल चोळणं, बोटांना सुई टोचणं, तोंडात पाणी घालणं, सगळं टाळायचं.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणं यांत लोक गल्लत करतात. झटका आलेला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, आणि पुष्कळदा ‘गॅस झालाय’ म्हणून जिने उतरून चालत निघतो. छातीवर ओझं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम दिसला तर त्याला बसवून ठेवावं, अजिबात चालवू नये, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. बायकांना आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसता थकवा किंवा धाप लागते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं. ‘जोरजोरात खोकत राहा’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारा उपाय खोटा आहे.

जिथं आधी धुवायचं, मग निघायचं

काही प्रसंगांत जागेवरचे उपचार आणि प्रवास दोन्ही लागतात, आणि क्रम चुकला तर नुकसान होतं. यातला सर्वांत मोठा प्रसंग उष्माघाताचा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या भर उन्हातल्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. विदर्भात तर ही दर वर्षीची धास्ती. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, भान हरपतंय, म्हणजे उष्माघात. अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. कपडे सैल, अंगावर सतत गार पाणी, वारा. मान, काखा, जांघा इथं बर्फ. गाडी आली तरी हे चालूच ठेवायचं. तापाची गोळी इथं काम करत नाही. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

भाजल्यावर नळाचं साधं वाहतं पाणी, सलग वीस मिनिटं. याच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि तो भाजल्यापासून तीन तासांपर्यंत उपयोगी पडतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई, लोणी, हळद नको. फोड फोडू नयेत. मग स्वच्छ कोरड्या कापडानं सैल झाकावं. पेटलेल्या माणसानं पळू नये, जमिनीवर पडून लोळावं. अंगावर टाकायची ती सुती गोधडी किंवा घोंगडं, नायलॉनचं ब्लँकेट नव्हे. लहान मूल असेल, चेहरा, हाताचा पंजा किंवा जांघ भाजली असेल तर भाजलेली जागा छोटी असली तरी डॉक्टरला दाखवावी. खेळता खेळता मुलांच्या डोळ्यात तंबाखूच्या डबीतला चुना उडतो आणि कायमची नजर जाऊ शकते. तिथंही अर्धा तास वाहत्या पाण्यानं डोळा धुऊन मगच निघायचं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. फवारणीचं विष कातडीतूनही शिरतं. कपडे उतरवून साबणानं अंग, केस, नखं धुणं हा पहिला उपचार, आणि धुणाऱ्यानं स्वतःच्या हाताला प्लास्टिकच्या पिशव्या तरी बांधाव्यात. कोणी औषध प्यायलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, ती फुफ्फुसात गेली तर दुसरं संकट. औषधाची बाटली मात्र बरोबर न्यावी, उपचार लेबलवर ठरतो.

कुत्र्याच्या चाव्याला दिवस हाताशी असतात, पण त्या दिवसांची सुरुवात नळाखाली होते. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. यानं विषाणूंचा मोठा भाग निघून जातो. मिरचीपूड आणि चुना जखम खोल करतात. त्याच दिवशी लशीचा पहिला डोस, पुढचे सगळे ठरल्या तारखांना, आणि रक्त आलं असेल तर जखमेतच टोचायचं प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. पाळलेलं कुत्रं, छोटं पिल्लू, नुसता ओरखडा या सबबी चालत नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की वाचवता येत नाही.

बारीकसारीक नेहमीचं थोडक्यात. नाकाचा घोळणा फुटला तर मान मागं टाकू नये. पुढं वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरावा. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा आणि नाकाशी कांदा किंवा चप्पल नको. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावं, झटके थांबले की कुशीवर वळवावं. पाच मिनिटांवर फिट चालली तर रुग्णालय. मोडलेला हात छत्री, पुठ्ठा, गुंडाळलेलं वर्तमानपत्र यांनी आहे त्या स्थितीत बांधावा, ओढून सरळ करू नये. किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून लांब पळावं आणि काटे नखानं पटकन खरवडावेत. चेहरा सुजून दम लागला तर ती ॲलर्जी, आणि तिला ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं.

रस्त्यावर

रस्ते अपघातांत २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, महाराष्ट्रात वर्षाला सुमारे १५ हजार जातात. इथं मदत करणाऱ्याला पोलीस, साक्ष, रुग्णालयाचं बिल यांची भीती असते. ती भीती एकेकाळी साधार होती. आज कायदा मदतनिसाच्या बाजूनं आहे आणि हे अजून घराघरांत पोचलेलं नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की कायदेशीर सोपस्कारांआधी जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं मदतनिसांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, पैसे भरायला अडवून ठेवता येत नाही.

मदत करताना आधी स्वतःची आणि जखमीची जागा सुरक्षित करावी: इंडिकेटर लावलेली गाडी आडवी, रात्री टॉर्च. मग रक्त दाबावं, श्वास पाहावा. हातपाय धरून माणसाला उचलणं हे आपलं सगळ्यात घातक पाऊल आहे. मान मोडलेली असेल तर त्या उचलण्यानं कायमचा लुळेपणा येतो. गाडीनं पेट घेतला किंवा श्वास थांबला असेल तरच हलवावं, तेही डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून, तीन-चार जणांनी मिळून. बेशुद्ध जखमीला पाणी पाजू नये.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ च्या सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. फोनवर गाव, फाटा, किलोमीटरचा दगड, काय झालं, किती जण, श्वास चालू आहे का, एवढं सांगावं आणि पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत फोन ठेवू नये. दुर्गम पाड्यावर गाडी यायला वेळ लागणार असेल तर अर्ध्या वाटेत गाठ घालायचं ठरवता येतं. सर्पदंशाच्या रुग्णाला तो अर्धा तास मिळवून देणारा हा साधा निर्णय आहे.

शिकायचं कुठं

हे सगळं वाचून येत नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. छाती पाच सेंटिमीटर दाबायला किती जोर लागतो हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि शिकलेलंही काही महिन्यांत हातातून निसटतं. कारखाने कायदा, १९४८ मध्ये दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस असं बंधन होतं. शाळेला, सोसायटीला, साखर कारखान्याच्या तोडणी टोळीला असं कुठलंच बंधन जाणवत नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस यांचे वर्ग चालतात, जिल्हा रुग्णालयातले भूलतज्ज्ञ बोलावल्यावर आनंदानं येतात. गणेश मंडळांकडे दहा दिवस मांडव, माईक आणि जमलेली गर्दी असते. एका संध्याकाळी दोन तास पुतळा आणून शंभर जणांचे हात त्यावर टेकवता येतील, आणि पुढच्या वर्षी त्याच शंभरांची उजळणी घेता येईल. गावात हे काम पोलीस पाटील, आशाताई, सर्पमित्र, टेम्पोचालक आणि रात्री मोटार चालू करायला जाणारे तरुण यांच्यापासून सुरू करावं, कारण घटनेच्या जागी सर्वांत आधी तेच पोचतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर जवळच्या कुठल्या रुग्णालयात सर्पदंशाची लस, कृत्रिम श्वासाचं यंत्र आणि सीटी स्कॅन आहे, याची खात्री करून घेतलेली यादी असावी, आणि दर पावसाळ्याआधी कोणीतरी फोन करून ती तपासावी.